तागाची उशी आणि ताणलेली दोरी: बाइट वर्कच्या एका रविवारच्या वर्गाचे परीक्षण

रेवा पुढच्या दातांनीच पकडते आणि हा दोष आहे, हे कोणी दाखवून देईपर्यंत माझ्या लक्षातही आले नव्हते. १४ महिन्यांची ही जर्मन शेफर्ड कुत्री चिंधीवर तुटून पडत असे, गुरगुरत असे, मान झटकत असे आणि पाहणारे कौतुकाने माना डोलावत असत. त्यामुळे चावण्याचे शिक्षण तिला उत्तम जमते आहे अशी माझी खात्री झाली होती. पुणे–सोलापूर रस्त्याला, उरुळी कांचनच्या अलीकडे, एका शेताच्या बांधालगत दर रविवारी सकाळी भरणाऱ्या बाइट वर्कच्या, म्हणजे कुत्र्याला नीट पकड घ्यायला शिकवण्याच्या, वर्गात गेल्या नोव्हेंबरपासून आम्ही जाऊ लागलो आणि पहिल्याच दिवशी ती खात्री मोडीत निघाली. आठ रविवारांचे एक सत्र, अशी दोन सत्रे पूर्ण झाल्यावर हे परीक्षण लिहीत आहे. वर्ग लहान आहे, त्यातल्या उणिवा दूर करता येण्याजोग्या आहेत, म्हणून त्याचे नाव येथे देत नाही.

आधी एक खुलासा करायला हवा. बाइट वर्क म्हणजे कुत्र्याला माणसांच्या अंगावर सोडायला शिकवणे, असा समज आपल्याकडे सर्रास आढळतो आणि वर्गात चौकशीला येणाऱ्यांपैकी निम्मे तरी तोच समज घेऊन येतात. हा वर्ग आयजीपी या क्रीडाप्रकाराच्या पद्धतीने चालतो. १८९९ साली जर्मनीत माक्स फॉन श्टेफानित्स यांच्या पुढाकाराने जर्मन शेफर्ड जातीची संस्था स्थापन झाली. या जातीच्या कुत्र्याची कामाची लायकी पारखण्यासाठी पुढे ज्या चाचण्या आखल्या गेल्या, त्यांना शुट्झहुंड म्हटले जाई. त्याच परंपरेतील आंतरराष्ट्रीय परीक्षा काही काळ आयपीओ या नावाने चालली आणि २०१९ पासून ती आयजीपी म्हणून ओळखली जाते. माग काढणे, आज्ञापालन आणि संरक्षण असे तिचे तीन भाग असून प्रत्येकाला १०० गुण आहेत आणि उत्तीर्ण होण्यासाठी प्रत्येक भागात किमान ७० मिळवावे लागतात. संरक्षणाच्या भागात परीक्षक कुत्र्याच्या रागाला गुण देत नाही. समोरच्या माणसाने हातात घातलेल्या जाड बाहीवरची पकड भरलेली, म्हणजे तोंडभर, आहे का, शांत आहे का, घट्ट आहे का आणि सुटण्याची आज्ञा मिळताच कुत्रा स्वच्छपणे सोडतो का, हे तो पाहतो. माझे वडील अजूनही या जातीला अल्सेशियनच म्हणतात आणि ‘चावायला शिकवायचे तर त्यात वर्ग कसला’ असेही म्हणतात. त्यांना हे गुणांचे कोष्टक समजावून सांगण्याचा प्रयत्न मी सोडून दिला आहे.

पहिल्या रविवारी रेवाला काहीही चावायला मिळाले नाही. वर्गातला हेल्पर, म्हणजे बाही घालून कुत्र्यासमोर उभा राहणारा माणूस, तिशीतला आहे आणि फार कमी बोलतो. त्याने आधी तिचे ओठ वर करून दात पाहिले. पिल्लाला दुधाचे २८ दात असतात, पुढे त्यांच्या जागी ४२ कायमचे दात येतात आणि ही अदलाबदल साधारण चौथ्या महिन्यापासून सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत चालते, हे मला माहीत होते. या काळात हिरड्या दुखऱ्या असतात आणि तेव्हा चिंधी ओढली, तर चावणे म्हणजे दुखणे अशी सांगड पिल्लाच्या मनात पक्की बसते, हे मात्र मला माहीत नव्हते. रेवा पाच महिन्यांची असताना मी जिच्याकडे जात होते, त्या शिकवणीत नेमके तेच झाले होते: तेथे पोत्याचा तुकडा तिच्या तोंडात जाताच हिसका देऊन ओढून काढला जाई, म्हणजे तिला चेव येईल असे सांगत. घरी मीही संध्याकाळी जुन्या टॉवेलने तोच खेळ खेळले, इतकेच नव्हे तर खेळ संपवायचा असला की तिचा जबडा बोटांनी उघडून टॉवेल काढून घेत असे. हेल्परने हे सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हटले, “ताई, पकड निम्मी आईबापाकडून येते. उरलेली आपण सांभाळतो, नाहीतर बिघडवतो.”

पकड म्हणजे काय, हे पुढच्या दोन रविवारी मला नीट समजले. कुत्रा केवळ सुळ्यांनी आणि पुढच्या बारीक दातांनी धरतो, तेव्हा वस्तूचा सगळा ताण त्या चार सुळ्यांवर येतो, वस्तू निसटू लागते आणि ती निसटू नये म्हणून कुत्रा पुन्हा पुन्हा तोंड उघडून नव्याने धरतो. मैदानावर याला ‘टाइपरायटर’ म्हणतात आणि तो शब्द चपखल आहे, कारण दातांची हालचाल खरोखरच कळफलकावरच्या बोटांसारखी दिसते. याउलट वस्तू जबड्याच्या सांध्याच्या दिशेने आत, दाढांपर्यंत गेली, तर जबड्याचे स्नायू कमी श्रमात अधिक जोर देऊ शकतात आणि कुत्र्याला सारखी जागा बदलण्याची गरज उरत नाही. म्हणूनच भरलेली पकड आणि शांत पकड या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. पहिली असेल तरच दुसरी बहुधा येते. चघळणारा, गुरगुरणारा, मान झटकणारा कुत्रा पाहणाऱ्याला आवेशी वाटतो, प्रत्यक्षात तो बऱ्याचदा साशंक असतो आणि सुटका सोपी राहावी म्हणून वरवर धरत असतो. रेवाचे गुरगुरणे मी वर्षभर शौर्य समजत होते.

दुसऱ्या रविवारपासून प्रत्यक्ष काम सुरू झाले आणि या वर्गाचे खरे मोल या भागातच आहे. रेवाला छातीपट्टा घालून जमिनीत रोवलेल्या लाकडी खांबाला दोरीने बांधले, गळपट्ट्याला नव्हे, कारण गळा आवळला जात असताना कोणताही कुत्रा मोकळेपणाने तोंड भरून धरणार नाही. हेल्परच्या हातात तागाची उशी होती. साधारण अर्धा हात लांब, दोन्ही टोकांना मुठी, आत मऊ भरणा. ती त्याने तिच्यासमोर नाचवली नाही, तर भक्ष्य पळून जाते तशी आडवी, जमिनीलगत, तिच्यापासून दूर नेली आणि रेवा दोरीच्या टोकापर्यंत येऊन दोरी ताणली गेल्यावर उशी नेमकी तिच्या तोंडाच्या उंचीवर, मधला भाग तिच्याकडे करून स्थिर धरली. बहुतेक शिकाऊ हेल्पर कुत्रा झेपावताच उशी नकळत मागे घेतात, कारण ते माणसाचे सहज भय आहे. आणि उशी बोटभर मागे गेली की कुत्र्याच्या तोंडात कडच येते. वरवरच्या पकडीचे मूळ अनेकदा कुत्र्यात नसून समोरच्या माणसाच्या मनगटात असते, हे मी या मैदानावर डोळ्यांनी पाहिले. या हेल्परचे मनगट हलत नाही.

तरीही रेवाने सवयीप्रमाणे कडच धरली. येथे मला वाटले होते की तो उशी हिसकून घेईल आणि पुन्हा देईल. त्याने तसे काहीच केले नाही. त्याने उशीवर अगदी समान, हलका ताण ठेवला आणि तो नुसता थांबला. रेवा झटकत राहिली, गुरगुरली, दोनदा जागा बदलली. त्याच्या बाजूने काहीच घडले नाही, म्हणजे तिच्या या खटपटीला भक्ष्याने कोणताही प्रतिसाद दिला नाही. मग मला त्याने खूण केली, मी खांबावरून दोरीला वीतभर ढील दिली, आणि त्या क्षणी मागे ओढण्याऐवजी तिने पुढे सरकून उशी आणखी तोंडात घेतली. ती आत घेताच उशी जिवंत झाली: हेल्परने दोन-तीनदा ती थरथरवली, हार मानल्यासारखा मागे वळला आणि उशी सोडून दिली. संपूर्ण प्रसंग अर्ध्या मिनिटाचा होता. मैदानावर याला ‘काउंटर’ म्हणतात, आणि त्यामागचा विचार असा की उशी जिंकण्याचा एकच रस्ता कुत्र्याला सापडावा, तो म्हणजे आणखी आत धरण्याचा. झटकल्याने काही मिळत नाही, चघळल्याने काही मिळत नाही, पण पुढे ढकलून तोंड भरले की समोरचा हरतो. एका सकाळी असे चार-पाच चावे, त्यापुढे एकही नाही.

यात मतभेद आहेत हेही सांगायला हवे. दुसऱ्या एका पद्धतीत कुत्र्याला उशी धरल्यावर मागे ओढायला शिकवतात, कारण मागे ओढताना वरवरची पकड आपोआप निसटते आणि कुत्र्याला खोल धरण्याची गरज पटते. काही जण दोन्हींचा मेळ घालतात. माझ्या मते जो कुत्रा मुळात थोडा साशंक आहे, त्याला मागे ओढायला शिकवणे म्हणजे माणसापासून दूर जाण्याची त्याची इच्छा बळकट करणे होय. परंतु हे एका कुत्रीच्या अनुभवावरून बनलेले मत आहे आणि ते त्याच वजनाने घ्यावे.

दोरी धरणाऱ्याचे काम सोपे असते, हा माझा दुसरा भ्रम होता. तिसऱ्या आठवड्यानंतर खांबाची जागा मी घेतली आणि माझे निम्मे रविवार कुत्रीला नव्हे तर मलाच शिकवण्यात गेले. दोरी समान ताणलेली हवी. ती एकदम सैल पडली की कुत्र्याचा तोल जातो आणि एकदम आवळली की हिसका थेट दातांपर्यंत पोचतो. कुत्रा चावत असताना मालकाने दोरी उत्साहाने खेचणे हे पकड उथळ होण्याचे सर्वांत साधे कारण आहे आणि मी ते पुरेपूर केले. “ताई, तुम्ही खांब व्हा,” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता बसमध्ये उभी असतानाही आठवते.

उशी जिंकल्यानंतर काय करायचे, याकडे इतरत्र कोणी लक्ष दिल्याचे मला आठवत नाही. येथे त्यावर चावण्याइतकाच वेळ दिला जातो. हेल्परने उशी सोडली की मी दोरी घेऊन रेवासोबत मोठ्या गोलात सावकाश धावते. धावताना तोंडातली उशी जड लागते आणि कुत्रा ती आपसूक नीट धरतो. मग थांबून मी तिच्या बाजूला गुडघे टेकते, तिच्या बरगड्यांवरून हात फिरवते, पण उशीला हात लावत नाही. पहिले काही आठवडे मी जवळ जाताच ती चघळू लागत असे, कारण माझा हात म्हणजे टॉवेल जाण्याची वेळ, हे तिने माझ्याकडूनच शिकले होते. ती सांगड सुटायला डिसेंबर संपावा लागला. सोडण्याची आज्ञा म्हणूनच वेगळी, घरी, दोन सारख्या खेळण्यांवर शिकवली गेली: एक सोडले की लगेच दुसरे मिळते. मैदानावर ती आज्ञा दुसऱ्या सत्राच्या मध्यापर्यंत वापरलीच नाही. सुटण्यावरून कुत्र्याशी भांडण झाले की त्याची भरपाई पुढच्या चाव्यात करावी लागते, कारण आता काढून घेणार या धास्तीने कुत्रा आधीच दात हलवू लागतो.

उन्हाबद्दल वेगळे लिहावे लागेल, कारण बाहेरच्या देशांतील चित्रफिती पाहून शिकणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही. कुत्र्याच्या शरीरातली उष्णता मुख्यतः धापा टाकण्याने बाहेर पडते आणि तोंड भरून उशी धरलेली असताना धाप टाकता येत नाही. त्यामुळे तापलेला कुत्रा भरलेली पकड टिकवू शकत नाही. श्वासासाठी तो जबडा सैल करतो आणि आपण समजतो की शिकवलेले विसरला. वर्ग सकाळी साडेसहाला सुरू होतो ही चांगली गोष्ट आहे, आणि मार्चमध्ये हेल्परने आठनंतर एकाही कुत्र्याला उशी देण्यास नकार दिला, तेव्हा लांबून आलेल्या दोघांनी कुरकुर केली तरी त्याने ऐकले नाही, ही त्याहून चांगली.

साहित्य पुरेसे आहे, पण त्याची निगा नीट राखली जात नाही. दोन रुंदींच्या तागाच्या उश्या, एका बाजूला निमुळती असलेली पाचर, पिल्लांसाठीची मऊ बाही आणि मोठ्या कुत्र्यांसाठी आत कडक नळी व वर तागाचे आवरण असलेली बाही, असा क्रम येथे पाळला जातो. पाचरीचा उपयोग मला विशेष पटला: निमुळती बाजू तोंडात सहज खोल जाते आणि पुढे जाडी वाढत गेल्याने कुत्र्याला जबडा अधिक उघडण्याची सवय लागते. तागाची वीण जरा सैल असल्याने दात त्यात रुततात आणि नवख्या कुत्र्याला धरल्याचे समाधान चटकन मिळते. दाट विणीचे कृत्रिम कापड टिकते जास्त, पण ते गुळगुळीत असल्याने अशा कुत्र्याला निराश करते. मात्र ताग झिजतो. जानेवारीत एका उशीची शिवण उसवून तिचे धागे बोटभर लोंबत होते आणि तीच उशी चार कुत्र्यांना दिली गेली. लांब धागा गिळला गेल्यास तो आतड्यात अडकून आतडे गोळा होऊ शकते आणि मग शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसते, हे पशुवैद्यांकडून ज्याने एकदा ऐकले आहे तो अशी उशी हातात धरणार नाही. मी सांगितल्यावर ‘पुढच्या वेळी बदलू’ असे उत्तर मिळाले आणि ती उशी बदलायला दोन रविवार लागले. इतक्या काळजीने हात चालवणाऱ्या माणसाकडून ही हयगय मला अजूनही समजलेली नाही.

बाकीच्या तक्रारी व्यवस्थापनाच्या आहेत. हेल्पर एकच असल्याने दहा-बारा कुत्रे आले की आपली पाळी यायला दीड तास लागतो आणि गाड्या लावायला सावली नाही. प्रथमोपचाराची पेटी मी मागितली तेव्हा गाडीच्या डिकीत शोधावी लागली. जबाबदारीचा कागद केवळ इंग्रजीत आहे आणि गावातून येणारे दोन शेतकरी तो न वाचता सही करतात. पैसे रोख घेतात, पावती मागितली तरच मिळते. आठ रविवारांचे १२,००० रुपये ही रक्कम थोडी नाही. पण प्रत्येक रविवारी प्रत्यक्ष मिळणारे चार-पाच चावे मोजून कोणी हिशेब करणार असेल, तर त्याने या वाटेला जाऊ नये, कारण आठवा चावा देणारा हेल्पर आपले नुकसान करत असतो.

एका प्रसंगाने मात्र माझे मत वर्गाच्या बाजूने पक्के झाले. फेब्रुवारीत एक गृहस्थ दणकट रॉटवायलर घेऊन आले; त्यांना फार्महाउससाठी ‘कोणालाही फाडेल’ असा कुत्रा दोन महिन्यांत हवा होता आणि दुप्पट पैसे देण्याची तयारी होती. हेल्परने त्यांना चहा दिला, कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि नम्रपणे नकार दिला. आपल्या ताब्यातील जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी न घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे, हे त्याने सांगितलेच; शिवाय येथे कुत्रा बाहीवर चावायला शिकतो, माणसावर नव्हे, आणि फार्महाउसला कुंपण व रखवालदार अधिक उपयोगी पडतील, असेही सुचवले. गृहस्थ रागावून गेले. त्यांना हवे ते शिकवणारा दुसरा कोणीतरी त्यांना मिळाला असेल याची मला भीती वाटते.

आता रेवाची स्थिती. उशीवर आणि मऊ बाहीवर तिची पकड भरलेली आहे, गुरगुरणे जवळजवळ थांबले आहे आणि गोलात धावताना ती उशी एकदाही हलवत नाही. मऊ आवरण घातलेली काठी हवेत उगारली, हेल्पर ओरडत अंगावर आला, म्हणजे दबाव वाढला, की ती अजूनही बोटभर मागे सरकते. मग हेल्पर लगेच दबाव कमी करतो आणि तिने पुन्हा तोंड भरले की हार मानतो. हा टप्पा कदाचित पूर्ण पार होणार नाही, असे त्याने मला स्पष्ट सांगितले आहे. विकत घेतलेल्या सेवेबद्दल इतका प्रामाणिक अंदाज मला क्वचितच मिळाला आहे, आणि या वर्गाला मी पाचपैकी चार गुण देते. कापलेला एक गुण उसवलेल्या शिवणीचा आणि नसलेल्या सावलीचा.

ज्यांचा कुत्रा सहा-सात महिन्यांच्या आतला आहे, त्यांनी दात बदलेपर्यंत येथे केवळ पाहायला यावे; हेल्पर त्याचे पैसे घेत नाही. ज्यांना घराच्या राखणीसाठी कुत्रा हवा आहे, त्यांनी येऊ नये. पावसाळ्यात मैदान चिखलाचे होते आणि ओला ताग जड होऊन कुजू लागतो, म्हणून जूनपासून वर्ग बंद राहील आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा सुरू होईल. तिसऱ्या सत्रासाठी मी नाव नोंदवले आहे, पावती मागून घेतली आहे, आणि उशी या वेळी घरून नेणार आहे.